जावळीचा वाचक आणि आजची कादंबरी

वेण्णेच्या कांठचें मेढा हें जावळी तालुक्याचें मुख्य ठिकाण. महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावलेली ही नदी मेढ्यावरून खालीं उतरते, कण्हेरच्या धरणांत अडते आणि पुढें माहुलीस कृष्णेला मिळते. अशा गांवीं राहणारा, नोकरी सांभाळून रात्रीं कादंबऱ्या वाचणारा एखादा वाचक श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. तो कांहीं टीकाकार नाहीं. कोणता लेखक कोणत्या संप्रदायाचा याची त्याला फारशी फिकीर वाटत नाहीं. पण ज्या मुलुखाविषयीं कादंबरीकारांनीं वारंवार लिहिलें, त्याच मुलुखांत त्याचें घर आहे. त्यामुळें त्याचें मत ऐकून घेण्याजोगें आहे.

जावळी म्हटली कीं पुण्यामुंबईच्या माणसाला चंद्रराव मोरे आठवतो, १६५६ सालची स्वारी आठवते, आणि त्यानंतर तीन वर्षांनीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं झालेला अफजलखानाचा वध आठवतो. रणजित देसाई यांची 'श्रीमान योगी' ही कादंबरी १९६८ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्या या वाचकानें शाळेंत असतांना ती अधाशासारखी वाचली होती. आतां प्रौढपणीं ती पुन्हां वाचतांना त्याला थोडें चुकल्यासारखें वाटतें. महाराजांची मूर्ति अजूनही त्याला तशीच भरदार दिसते. परंतु जावळी तेथें येते ती त्यांच्या यशाची एक पायरी म्हणून. रान किर्र आहे, वाटा बिकट आहेत, एवढें सांगून झालें कीं कथा पुढच्या गडाकडे वळते. त्या रानांत नाचणी कोण पिकवीत होतें, हें त्याला विचारावेंसें वाटतें. तक्रार किंचित् अन्यायाची आहे. एका पुरुषाचें चरित्र सांगावयास बसलेल्या लेखकाकडे साऱ्या खोऱ्याचा वृत्तांत मागणें म्हणजे आंब्याच्या झाडाखालीं फणसाची वाट पाहणें होय.

त्याचें मन खरें गुंतलें आहे तें दुसऱ्याच दोन पुस्तकांत. जावळीच्या पश्चिमेस कोयनेच्या धरणाचा शिवाजीसागर पसरला आहे. बामणोली आणि तापोळा हीं ठिकाणें आज सहलीचीं व होडींत बसण्याचीं म्हणून ओळखलीं जातात. पण त्या पाण्याखालीं गांवें आहेत. १९६० च्या आगेंमागें तेथील माणसें उठलीं आणि कोणी ठाण्याकडे, कोणी रायगडाकडे, कोणी सोलापुराकडे गेलीं. ओल्या खाचरांत भात लावणाऱ्या कुटुंबाला सोलापूरच्या कोरड्या रानांत जमीन मिळणें, म्हणजे कागदावर जमीनीला जमीन मिळणें होय. शेतकरी मात्र तो पूर्वीचा राहत नाहीं.

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' १९९१ सालीं आली आणि पुढच्याच वर्षीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साताऱ्याच्या ९९ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून २०२५ सालीं त्यांचीच निवड झाली. महसूल खात्यांत अधिकारपदावर राहिलेल्या या लेखकाला कचेरी आंतून ठाऊक आहे. नोटीस कशी निघते, मोबदल्याचा आंकडा कसा ठरतो, सातबाराच्या उताऱ्यावरचें एक नांव इकडचें तिकडे झालें तर घराण्याचें काय होतें, हें वाचतांना आपल्या वाचकाला कल्पना वाचीत असल्याचा भासच होत नाहीं. त्याचे आक्षेप दोन. कादंबरी कांहीं ठिकाणीं लांबते. आणि दुष्ट माणसें फारच काळ्या शाईनें रंगविलीं आहेत. त्याच्या अनुभवांत माणसाला हेलपाटे घालावयास लावणारा कारकून बहुधा सौम्य असतो, बसावयास खुर्चीही देतो. पण पुस्तक मिटतांना त्याला राग येतो, आणि तो राग लेखकावर नसतो.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला हाच पुरस्कार २०२३ सालीं लाभला. विषय तोच, धरणानें उठविलेल्या माणसांचा. रीत मात्र अगदीं वेगळी. गांव उठतें, मागें राहिलेली म्हैस रानांत रानटी होते, आणि देवाप्पा तिला परत आणावयास निघतो. कचेरी येथें दूर राहते. माणूस, जनावर आणि रान एवढींच समोर उरतात. कोल्हापुराकडची बोली पहिल्या पानांत अडते. आपला वाचक ती मोठ्यानें वाचूं लागला, तेव्हां कुठें ती सुटली! विस्थापितांच्या याद्यांत जनावराला रकाना नसतो, ही गोष्ट त्याला ठाऊक होती. ती त्याला टोंचली मात्र या पुस्तकामुळें. दोहोंत श्रेष्ठ कोणती असें विचारल्यास तो 'रिंगाण'चें नांव घेतो. हा निवाडा योग्य दिसतो. 'झाडाझडती' अन्याय दाखविते. 'रिंगाण' वाचतांना माणसाचें जनावराशीं आणि रानाशीं असलेलें नातें तुटतांना दिसतें.

शहरी तरुणांच्या कादंबऱ्या तो वाचतो, पण त्यांत रेंगाळत नाहीं. प्रणव सखदेव यांची 'काळेकरडे स्ट्रोक्स' त्यानें दोन रात्रींत संपविली. तगमग खरी आहे, असें म्हणून ती मुलीच्या हातीं दिली. पुस्तकें विकत घेणें दर वेळीं परवडत नाहीं. केळघरचा घाट चढून महाबळेश्वरावरून पुढें गेलें कीं पांचगणीजवळ भिलार लागतें. ४ मे २०१७ पासून तें पुस्तकांचें गांव झालें आहे. तेथें लोकांच्या घरांतच कपाटें मांडलेलीं असतात आणि कोणीही बसून वाचावें अशी सोय आहे.

तेथील कपाटांपुढें उभा राहून तो जें पुस्तक शोधतो तें अजून त्याच्या हातीं लागलेलें नाहीं. जावळीच्या घरोघरचे पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईस गेले, धक्क्यांवर आणि बाजारांत पाठीवर ओझीं वाहूं लागले. १९६९ सालीं माथाडी कायदा झाला तो अशाच लोकांच्या कष्टांतून. इकडे बायकांनीं शेती, म्हातारीं माणसें आणि मनिऑर्डरीची वाट या तिन्ही गोष्टी सांभाळल्या. त्या बायकांची कादंबरी त्याला हवी आहे, आणि ती लिहिणारी बाई जावळीचीच असावी, असा त्याचा आग्रह आहे.