हेडर बसला, पण त्याला जागा मिळाली का?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: गाडीला हेडर घरच्या घरी बसवता येईल का? येईल. पण तो बसवताना मी जी चूक केली ती आधी ऐका, मग पाना हातात घ्या.

मी पोशीरचा. नेरळहून कळंबला जाताना लागतं ते पोशीर. आमच्या अंगणात १९९७ची मारुती झेन आहे. ९९३ सीसी, चार सिलिंडर, पन्नास हॉर्सपॉवर. त्या काळी झेन आणि एस्टीम रॅलीत खूप पळायच्या. त्यामुळे या इंजिनांना हेडर बसवणं नवीन नाही.

हेडर म्हणजे काय, ते थोडक्यात. कंपनीचा मॅनिफोल्ड बिडाचा असतो. जाड, आखूड, जड. चारही सिलिंडरचा धूर त्यात लगेच एकत्र येतो, आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्टीलची स्वतंत्र नळी. माझा होता ४-२-१ पद्धतीचा. इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-४-२, म्हणून १ आणि ४ची एक जोडी, २ आणि ३ची दुसरी. जोडीतल्या दोघांचे झोत क्रँकच्या एकेका फेऱ्याच्या अंतराने येतात. पुढे गेलेल्या झोतामागे दाब कमी होतो आणि पुढच्याला बाहेर पडायला मदत होते. फायदा आहे, पण ठरावीक आरपीएमला. पन्नासाचं इंजिन यातून सत्तरचं होत नाही, हे आधीच सांगतो.

आता जागा. झेनचं इंजिन आडवं. एक्झॉस्ट पुढच्या बाजूला, म्हणजे रेडिएटरकडे. मधल्या चिंचोळ्या फटीत रेडिएटरचा पंखा. नळी तिथून खाली उतरते आणि ऑइल चेंबरखालून मागे जाते. म्हणजे पुढे पंखा, मागे इंजिन, खाली रस्ता.

शुक्रवारी रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. शनिवारी बॅटरीची निगेटिव्ह काढली, गाडी घोड्यांवर घेतली. नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच शिरू नका. पंखा काढला. मग मॅनिफोल्डचे नट. इथे घाई नको, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि स्टड स्टीलचे. नट हलत नसेल तर आधी जरासा आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा तेल. स्टड हेडमध्ये तुटला तर दोन दिवसांचं काम महिन्यावर जातं. माझा एक स्टड नटासकट बाहेर आला. ते चालतं, नवा लावायचा.

नवा हेडर लावण्याआधी त्याचा फ्लँज जाड काचेवर ठेवून बघा. माझा ठेवला तर एका टोकाला फट. वेल्डिंगने पट्टी ओढली गेली होती. वर्कशॉपमधून ती सपाट करून आणली. तशीच लावली असती तर नवं गॅस्केटही आठ दिवसांत फुंकलं असतं.

बसवताना सगळे नट आधी फक्त हाताने. खालचा जोड ढिला ठेवायचा. सगळं आपापल्या जागी बसलं की मधून कडेकडे, दोन टप्प्यांत, २० ते २५ न्यूटन-मीटर. बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात नळ्यांचे बाक असे आडवे येतात की टॉर्क रेंच दोन-तीन नटांवरच जातो. बाकीचे १२च्या रिंग पान्याने, एका वेळी थोडंथोडं. त्यात माझी बोटं चांगलीच सोलली.

संध्याकाळी पंखा परत लावला. पंख्याची मोटर आणि नळी यांच्यात बोटभर फट. मी खूश. कंपनीचा उष्णता अडवणारा पत्रा काही केल्या बसेना, म्हणून तो बाजूला ठेवला. हीच ती चूक.

रविवारी आईला घेऊन माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे निघालो. नेरळपासूनचा तो चढ तुम्हाला माहीत आहे. पहिला-दुसरा गिअर, वेग नाही, वारा नाही. अर्ध्या वाटेत आई म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." मला वाटलं नव्या नळीवरचं तेल जळत असेल. मग काट्याकडे बघितलं. तो वरच्या रेषेला टेकत होता.

गाडी कडेला घेतली, बंद केली. आई उतरून दगडावर बसली. बॉनेट उघडलं तर पंख्याची वायर नळीला चिकटून वितळलेली, पंखा बंद. एक ओम्नीवाला टॅक्सीचालक थांबला. त्याने वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाला, "अहो, वायरीला जागाच नाही ठेवलीत." बरं झालं, वेळेत थांबलो. आणखी थोडं ओढलं असतं तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलं असतं. तारा एकमेकींना भिडून ठिणगी पडली असती तर काय, याचा विचार आईकडे बघून मला आला.

घरी येऊन शांतपणे विचार केला. मी फट मोजली होती ती थंड आणि उभ्या इंजिनाची. पण आडवं इंजिन माउंटिंगवर डुलतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की एकीकडे, सोडला की दुसरीकडे. माउंटिंगचे रबर जुने असतील तर आणखी जास्त. आणि बीड जाड म्हणून हळू तापतं. पातळ नळी लगेच तापते आणि आजूबाजूला जास्त भाजते. जोर पडला की आतला धूर सातशे-आठशे अंशांचा असतो.

मग दुरुस्ती. गणपतीसाठी आणलेली शाडूची माती उरली होती. तिचे गोळे संशयाच्या प्रत्येक जागी चिकटवले, थंड इंजिन चालू करून दोन-चार वेळा रेस दिला, बंद केलं. जिथे गोळा चपटा झाला, तिथे फट खोटी. दोन गोळे चपटे झाले. माउंटिंग बदलली. वायर नवी टाकून फायबरग्लासच्या नळीत घातली आणि रेडिएटरच्या वरून क्लॅम्प लावून नेली. नळीला न टेकणारा नवा पत्रा करून घेतला. नळीवर कापडी पट्टी गुंडाळायचा मोह झाला होता, पण आपल्याकडच्या पावसात ती पट्टी ओलावा धरते आणि साध्या स्टीलची नळी आतून गंजते. ती टाळली. दोन-तीनदा तापून थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासले.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही. हवा-आवाजाच्या प्रदूषणाला कलम १९०(२) आहे, दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. म्हणून मूळ सायलेन्सर तसाच ठेवा, पीयूसी करा, आरटीओत आधी विचारा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीचा तर विचारच करू नका. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. हेडर लावलात की तो गेला.

माझा बिडाचा मॅनिफोल्ड तेल लावून गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलाय. तुमचाही भंगारात देऊ नका. आणि हेडर बसला म्हणून काम झालं समजू नका. गाडी तापू द्या, डुलू द्या, मग पुन्हा बॉनेट उघडा. पहिली फेरी एकट्याने मारा, आईला घेऊन नाही.

पुढच्या भागात माउंटिंगचे रबर कसे ओळखायचे ते बघू. तोवर सांभाळून चालवा. नमस्कार.