पोच घेतल्याशिवाय उठू नका
(पाड्यावरच्या सभेतलं बोलणं, लिहून काढलेलं)



दिवाळी झाली की मुकादम येतो, हातावर बयाणा ठेवतो, आणि अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो. मागे राहतात म्हातारी माणसं. मग गार्ड प्लॉटवर येतो आणि पंचनाम्यात लिहितो, कसणारा कोणी नाही. मोर्चे काढून टिकवलेला प्लॉट असा हातचा जातो. म्हणून आज जमिनीच्या सभेत आम्ही मजुरीचं बोलतोय.

गावात काम असेल तर भट्टीवर कोण जाईल? आणि ते काम देणं ही काही मेहरबानी नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. इथे मालक सरकार आहे. पैसाही त्यासाठीच गोळा होतो. शहरात नोकरदाराच्या पगारातून मालक व्यवसाय कर कापतो, सरकार तेवढीच भर घालतं. मग हात जोडून कशाला उभं राहायचं?

पण काम तोंडी मागू नका. मागच्या उन्हाळ्यात आम्ही साठ जण गेलो. नवं काम काढायला तेवढे मजूर पुरे होते. साहेब गोड बोलले, नावं घेतली म्हणाले. महिन्याने गेलो तर म्हणाले, तुमची मागणीच नाही. खरंच, कागद कुठे होता आमच्याकडे? चूक आमची.

नमुना चार भरायचा, तारीख घातलेली पोच घ्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकार भत्ता. सुरुवातीला हा भत्ता रोजचा एक रुपया होता, त्यात मीठ-मिरचीही भागत नसे. पण तो देताना सरकारला लिहावं लागतं की आम्ही काम देऊ शकलो नाही. ते साहेबांना झोंबतं. बंधन आपल्यावरही आहे, काम सलग करायचं. दोन दिवस खणून बाजाराला पळालात तर बोलायला तोंड राहणार नाही.

कोऱ्या मस्टरवर अंगठा देऊ नका. मजुरी मापावर असते. मऊ मातीचा दर वेगळा, मुरमाचा वेगळा. मुरूम खणला आणि माती लिहिली की घाम फुकट. मापाला टेप धरायला आपली शिकलेली पोरगी उभी करा. बाईला आणि बाप्याला दर एकच. पिण्याचं पाणी, सावली, लहान पोरांची सोय मालकाने करायची, म्हणजे सरकारने.

येत्या बाजारच्या दिवशी सगळे पाडे मिळून तहसीलला जाऊ. नमुने आम्ही आणतो. पोच हातात आल्याशिवाय ओटा सोडायचा नाही.

ज्यांनी बयाणा घेतलाय त्यांनी सभेनंतर थांबा. कर्जापायी माणूस डांबून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. कोणी किती घेतलेत ते लिहून घेऊ.