अठरा रविवारांची साधना



साधना हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय उभा राहतो. गुहा, जटाभार आणि वर्षानुवर्षांचे मौन उभे राहते. मग आपण मनाशी म्हणतो, हे आपल्यासारख्या प्रापंचिकाचे काम नव्हे. साधनेच्या भव्यतेचा असा धाक बसतो आणि तिचा आरंभच होत नाही. आज ज्या साधनेचे स्मरण करावयाचे आहे, ती मात्र हिमालयात झाली नाही. ती धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि तिला लागले अवघे अठरा रविवार.

ते वर्ष होते १९३२. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत शिक्षा झालेले अनेक सत्याग्रही धुळ्याच्या कारागृहात होते. त्यांत विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते, अमळनेरच्या शाळेतील अध्यापन सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी या बंदिवानांसमोर गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले. पुढच्या रविवारी दुसरा अध्याय झाला. असे करीत १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय पूर्ण झाला. एकही रविवार चुकला नाही, घाई नाही, खंडही नाही. समोर बसलेल्या साने गुरुजींनी ते सारे तत्परतेने टिपून घेतले आणि त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ उभा राहिला. पुढे तो भारतातील अनेक भाषांत गेला.

या घटनेत बोलणाऱ्याची थोरवी आपल्याला सहज दिसते. ऐकणाऱ्याची थोरवी मात्र सहसा लक्षात येत नाही. साने गुरुजींची लेखणी नसती, तर तो वाग्यज्ञ त्या भिंतींच्या आतच विरून गेला असता. समोरचा तन्मय होऊन ऐकतो आहे, आपला शब्द जपून ठेवतो आहे, याहून मोठे प्रोत्साहन कोणते? पाठीवर थाप मारणे म्हणजेच उत्तेजन, असे आपण समजतो. शांतपणे शेजारी बसून दुसऱ्याच्या साधनेला साक्षी राहणे, हेही उत्तेजनच होय.

विनोबांनाही असे उत्तेजन पूर्वी लाभले होते. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता समजत नसे. गीता मराठीत तूच का करीत नाहीस, असे त्यांनी आपल्या मुलाला विचारले होते. मातोश्री १९१८ साली निवर्तल्या. त्यांच्या विश्वासाचे बीज बारा वर्षे मनात राहिले. ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी ‘गीताई’ लिहावयास घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण झाली. गीतेचे श्लोक सातशे आणि दिवस सुमारे सव्वाशे. म्हणजे सरासरी दिवसाला पाच-सहा श्लोक! एवढे मोठे कार्य झाले ते अशा रोजच्या मोजक्या पावलांनी.

याच सातत्याचे मर्म विनोबांनी आठव्या अध्यायाच्या प्रवचनात उलगडले आहे. दिवसभरात आपण असंख्य क्रिया करतो. त्या साऱ्या मनात उरत नाहीत. उरतो तो त्यांचा संस्कार. अशा संस्कारांचे थर साठत जातात आणि जीवनाच्या अखेरीस जे उरते, ती या साठवणीचीच फलश्रुती असते. म्हणूनच आजचा साधा दिवस क्षुल्लक नाही.

आता आपल्या घराकडे वळू. एखादा तरुण गुढीपाडव्याला संकल्प करतो की, रोज पहाटे उठेन, सूर्यनमस्कार घालीन, गीतेचा एक श्लोक पाठ करीन. सात दिवस नेमाने जातात. आठव्या दिवशी जाग येत नाही. तेवढ्यात घरातूनच कोणी म्हणते, ‘‘संपलं का व्रत?’’ बोलणाऱ्याच्या मनात काही नसते, सारे हसतात आणि विसरतात. पण नवव्या दिवशी तो तरुण उठत नाही. आळसाने एक दिवस मोडला होता. थट्टेने संकल्पच मोडला. आपल्या घराघरांत किती संकल्प असे हसण्यावारी गेले असतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

मध्येच साधना सुटलेल्याचे काय होते, हा प्रश्न अर्जुनालाही पडला होता. सहाव्या अध्यायात तो विचारतो की, असा मनुष्य फाटलेल्या ढगाप्रमाणे दोन्हीकडून नष्ट तर होत नाही ना? भगवंत त्याला रागावत नाहीत. कल्याणाच्या वाटेवर चाललेल्याची दुर्गती होत नाही. तो जिथे थांबला, तिथून त्याची वाटचाल पुन्हा सुरू होते, असे आश्वासन ते देतात. प्रत्यक्ष भगवंत जिथे धीर देतात, तिथे आपण टोमणा मारावा हे शोभते काय?

कोणी म्हणेल, स्वतःचा उद्धार स्वतःच करावा, असेही गीतेनेच सांगितले आहे. मग दुसऱ्याच्या उत्तेजनाची गरज काय? ही शंका योग्य आहे. परंतु त्याच गीतेच्या दहाव्या अध्यायात भक्तांचे वर्णन एकमेकांना बोध करणारे, एकमेकांच्या संगतीत रमणारे असे आले आहे. या दोन गोष्टींत विरोध नाही. पंगतीत प्रत्येक जण आपापल्याच मुखाने जेवतो. पण शेजारी आग्रह करणारा असला की अन्न गोड लागते. चालायचे ज्याचे त्याने; सोबतीने मात्र वाट सरते.

यासाठी फार मोठा खटाटोप नको. बाराव्या अध्यायात वीस श्लोक आहेत, पंधराव्यातही वीसच. रोज एक श्लोक घेतला, तर चाळीस दिवसांत दोन अध्याय मुखोद्गत होतात. आजीने सांगावा, नातवाने म्हणावा. सुनेने चूक दाखवावी आणि सासऱ्याने ती हसत सुधारून घ्यावी. एखादा दिवस चुकला तर हिशेब मागू नये, ‘‘उद्या बरोबर म्हणू’’ एवढेच म्हणावे. ज्यांना पाठांतर जमत नाही त्यांनी रोज दहा मिनिटे वाचन करावे, नाही तर आठवड्यातून एका एकाकी वृद्धाची विचारपूस करावी. पाऊल कोणते, हे ज्याने त्याने ठरवावे. ते लहान असावे, रोजचे किंवा नेमाचे असावे आणि त्याला घरातील एक तरी साक्षीदार असावा.

तुरुंगाच्या भिंतींआड, शिक्षा भोगणाऱ्या माणसांनी अठरा रविवार सोन्याचे केले. आपले रविवार तर मोकळे आहेत. येत्या रविवारी जेवणानंतर दूरदर्शन संच अर्धा तास बंद ठेवून घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि पहिला अध्याय उघडावा. अठराव्या रविवारी त्या घरातील माणसे परस्परांच्या अधिक जवळ आलेली असतील, हे निश्चित.