ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी तपासा, मग बॅटरी बदला



रब्बीची पेरणी तोंडावर आलेली, रानाला वाफसा आलेला आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर सुरू होत नाही. सेल्फ मारला की नुसता ‘कट् कट्’ आवाज. आपण लगेच म्हणतो, बॅटरी गेली! माझ्या भागातल्या एका शेतकऱ्याने असेच धरून चालून उसनवारीने नवी बॅटरी आणली. आठ दिवसांत तीही उतरली. पाहतो तर फॅनबेल्ट सैल! बेल्ट ताणला, जुनीच बॅटरी चार्ज करून बसवली आणि ती चालली. पैसे गेले ते गेले, वर वाफसाही गेला. म्हणून दोष कसा शोधायचा, तो क्रम आज सांगतो.

पहिले पाहा जोडण्या. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला की वीज पुढे जात नाही. इंजिन बंद करून आधी अर्थची वायर सोडा, मग दुसरी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुवा. मात्र बुचे घट्ट ठेवा, सोडा आत जाता कामा नये. मग पुसून, घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावा. अर्थची वायर शेवटी जोडा.

दुसरी बॅटरी. बुचे उघडणारी असेल तर प्लेटा पाण्यात बुडालेल्या हव्यात. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचे पाणी नको, ॲसिडही नको. पाणी घालण्याआधी हायड्रोमीटर लावा. 1.250 च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, 1.150 च्या खाली असेल तर उतरलेली. सहाही कप्पे सारखेच उतरले असतील तर चार्ज करून पाहा. पण पाच कप्पे चढले आणि एक काही केल्या चढत नाही, तर मात्र बॅटरी खरोखरच गेली.

तिसरे चार्जिंग. इंजिन बंद असताना बेल्ट अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक, जास्त दबला तर ताणून घ्या. मग व्होल्टमीटर बॅटरीला लावा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची भरलेली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. इंजिन मध्यम वेगात चालू असताना काटा 13.8 ते 14.4 वर यावा. तो वाढलाच नाही, तर दोष डायनामो, अल्टरनेटर, रेग्युलेटर किंवा त्यांच्या वायरिंगमध्ये आहे. काटा 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. अशा वेळी बॅटरीचे पाणी भराभर आटते. दोन्ही वेळा इलेक्ट्रिशियनला दाखवा.

आता जपायच्या गोष्टी. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ बिडी-काडी नको. अल्टरनेटर असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरीची वायर इंजिन चालू असताना कधीही काढू नका, आतले डायोड जळतात. ॲसिड डोळ्यात उडाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

तर मंडळी, आधी जोडण्या, मग बॅटरी, मग चार्जिंग. पेरणीच्या पंधरा दिवस आधी अर्धा तास काढून एवढे पाहून ठेवा. वाफसा कुणासाठी थांबत नाही.