एकच लग्न, तेही कागदावर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणीकामगार. शाळा नववीपर्यंत, पुढचं शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात. त्यामुळे वकिली भाषा मला येत नाही. जे पाहिलं आणि वाचलं, तेवढं सांगतो.

आमच्या खात्यातला एक साथीदार वारला. फंडाच्या पैशासाठी ऑफिसच्या खिडकीवर दोन बाया आल्या. एक गावाकडची, एक इथल्या वस्तीतली. दोघींच्या पदराला त्याचीच लेकरं. कारकुनानं कागद काढला, त्यावर पहिलीचं नाव. दुसरीनं बारा वर्षं त्याचा डबा भरला होता, ती रिकाम्या हातानं परत गेली. आणि पहिलीनं तरी काय कमावलं? बारा वर्षांचा पगार तिनं डोळ्यांनी पाहिला नव्हता. बाई दोन्हीकडून बुडाली.

हे ऐकून काही शहाणे म्हणतात, दुसरं लग्न कायदेशीर करा, म्हणजे दुसरीलाही हक्क मिळेल. बोलणं गोड आहे, पण त्यातली मेख ओळखा. हक्क बाईला मिळत नाही, मोकळीक पुरुषाला मिळते. एका पगाराचे दोन वाटे होतात, पगार काही दुप्पट होत नाही.

जरा मागं जाऊ. मुंबई इलाख्यात हिंदूंना दोन बायका करायला बंदी आली १९४६ साली. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात, तो कायदा इथं नव्हता. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडवलं, हे त्याचं एक मोठं कारण. बाईच्या हक्कासाठी खुर्ची सोडणारा असा कायदामंत्री दुसरा दाखवा! पुढं १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला. नाव हिंदू असलं तरी कलम २ प्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. पहिली बायको हयात असताना, फारकत झालेली नसताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल. शिक्षा सात वर्षांपर्यंत, पहिलं लग्न लपवलं तर दहा वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे.

मग पुरुष सुटतो कसा? १९६५ साली महाराष्ट्रातल्याच भाऊराव लोखंडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुसरं लग्न रीतसर विधीनं लागल्याचं सिद्ध झालं पाहिजे. आरोपी सुटला. तेव्हापासून हुशार माणूस देवळात नाहीतर मित्राच्या खोलीत दोन हार घालतो. बाईला सांगतो, लग्न झालं. कोर्टाला सांगतो, लग्नच नव्हतं.

हा विषय निघाला की लोक शेजारच्या मोहल्ल्याकडं बोट दाखवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायका असल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया मुसलमानांत शंभरात १.९, हिंदूंत १.३. फरक केवढा? बोट आधी आपल्या घराकडं वळवा. मुलगा होत नाही म्हणून दुसरी आणणारे आपल्यातही आहेत, आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे! पंचशीलातलं तिसरं शील आपण रोज म्हणतो ते कशासाठी?

फसलेल्या बाईला वाऱ्यावर सोडा असं मी म्हणत नाही. दुसरं लग्न कायदेशीर न करताही तिला आधार देता येतो. १९७६ च्या दुरुस्तीनं अशा लग्नातली लेकरं औरस ठरली, आई-बापाच्या मालमत्तेत त्यांना हक्क आहे. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं दुसरीला पोटगी नाकारली होती. २०१३ साली त्याच न्यायालयानं सांगितलं की पहिलं लग्न लपवून बाईला फसवलं असेल, तर त्या माणसाला पोटगी टाळता येणार नाही. सुधारणा याच वाटेनं पुढं न्यावी.

बौद्धांसाठी वेगळा विवाह कायदा हवा, अशी मागणी आपल्यात आहे. समान नागरी कायद्याचीही चर्चा आहे. उत्तराखंडात तो जानेवारी २०२५ पासून लागू झाला. कायदा कोणताही येवो, एक नवरा एक बायको हे कलम हलता कामा नये.

आणि कायद्याची वाट न बघता आपला विहार तीन गोष्टी आजपासून करू शकतो. लग्न लावण्याआधी दोन्हीकडच्या गावी चौकशी करायची. आधीचं लग्न असेल तर कोर्टाचा फारकतीचा हुकूम बघायचा, गावपंचांची चिठ्ठी नाही. त्रिशरण-पंचशील झालं की विहाराच्या वहीत वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. आणि महानगरपालिकेत नोंदणी करायची. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. मंडपाला हजारो रुपये घालतो, मग पोरीच्या एका दाखल्यासाठी आळस का?

त्या खिडकीवरून परत गेलेली बाई मला अजून दिसते. आपल्या विहारात लग्न लागलेल्या एकाही लेकीवर ती पाळी येऊ नये, एवढंच मागणं आहे.

नमो बुद्धाय, जयभीम!