श्याम उशिरा पोचला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण मी काही व्याख्याती नाही. दुपारच्या वाचनाच्या बैठकीत पुस्तक मोठ्याने वाचण्याचे काम यंदा माझ्याकडे होते, एवढाच माझा अधिकार. आम्ही यंदा 'श्यामची आई' वाचले. ज्या दिवशी ते संपले त्या दिवशी आमच्यात जे भांडण झाले, ते तुम्हांला सांगावे म्हणून उभी आहे.

साने गुरुजी जन्माने कोकणातले, पालगडचे. पण आपल्याला ते परके कधी वाटलेच नाहीत. धरणगावावरून पुढे गेले की अमळनेर. तिथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० ते शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांचे आईपणही त्यांनीच केले. त्यामुळे पुस्तक वाचताना आमच्यातल्या पुष्कळजणींना घरचेच कोणी बोलते आहे असे वाटत होते.

एकेका बैठकीला दोन दोन, तीन तीन 'रात्री' अशा बेचाळीस रात्री संपत आल्या. मधल्या रात्रींना आम्ही हसलोही. शेवटच्या चार-पाच रात्रींना मात्र माझाच आवाज फुटेना. आई अंथरुणाला खिळलेली, घरात दारिद्र्य, सखूमावशी उशापायथ्याशी बसून बहिणीची सेवा करते आहे आणि श्याम दूर पुण्यात शिकतो आहे. त्याचे शिक्षण मध्येच मोडू नये म्हणून घरून त्याला बोलावणे जात नाही. शेवटी मनाला चैन पडेना म्हणून तो आपणहून निघतो आणि पोचतो तेव्हा आई गेलेली असते. त्याच्या वाट्याला येते ती चितेवरची राख. त्या प्रकरणाचे नावच 'भस्ममय मूर्ती' असे आहे.

पुस्तक मिटले आणि थोडा वेळ कोणीच बोलेना. मग एक आजीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मले त्या मांजरीनं रडवलं." आईची लाडकी मथी आईमागोमाग अन्न टाकून जाते, ते त्यांच्या मनाला लागले होते. आम्ही सगळ्याजणी एकदम हसलो आणि एकदम रडलोही.

पण आमच्यात एक शाळेत शिकवणारी सूनबाई आहे. ती रडली नाही, रागावली. म्हणाली, "आई थोर होती, कबूल. पण त्या मुलाची शेवटची भेट हिरावून घ्यायचा अधिकार कोणाला होता? अभ्यास पुन्हा झाला असता." झाले! दुसऱ्या बाजूने आवाज उठले. आपले दुखणे लेकराच्या कानावर जाऊ देणार नाही ती आई, असे जुन्या पिढीचे म्हणणे. कोणी म्हणाले, त्या काळी पत्र जाऊन माणूस यायचा तर कोकणात आगबोटीने यावे लागे, हाताशी पैसा नव्हता, बोलावणार कसे? कोणी वडिलांवर घसरले. चहा निवून गेला, तरी भांडण मिटेना.

मी त्या दिवशी गप्प बसले होते. कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. मुलगी पुण्यात नोकरीला, तिची परीक्षा तोंडावर. मी यजमानांना शपथ घातली की तिला कळवायचे नाही. रोज रात्री तिचा फोन येई आणि मी खाटेवर पडल्या पडल्या "आत्ताच भाकरी टाकल्या ग" म्हणून सांगे. पुढे एका शेजारणीच्या तोंडून तिला कळले. ती आली, माझे औषधपाणी केले, पण आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मला तेव्हा तिचाच राग आला होता. एवढे तिच्याकरिता केले आणि हिचे हे वागणे! सूनबाई बोलत होती तेव्हा मला माझी मुलगी बोलते आहे असे वाटले.

त्या रात्री मी घरी पुस्तकाची प्रस्तावना पुन्हा काढून वाचली. गुरुजींची आई १९१७ साली गेली. पुस्तक लिहिले नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेपासून १३ तारखेच्या पहाटेपर्यंत. मध्ये पंधरा वर्षे गेली होती. पंधरा वर्षे मनात राहिलेले पाच दिवसांत बाहेर पडले! आम्ही आजवर म्हणत आलो की हे आईच्या प्रेमाचे पुस्तक आहे. ते आहेच. पण मला वाटते, आईशी शेवटचे बोलायचे राहून गेलेल्या मुलाचेही ते पुस्तक आहे. उशाशी बसून दोन शब्द बोलायला मिळाले नाहीत, म्हणून तो बेचाळीस रात्री बोलतो आहे. आई गेल्यावरही पुस्तक थांबत नाही, 'आईचे स्मृतिश्राद्ध' म्हणून आणखी एक रात्र येते, ती मला यामुळेच उमगली.

आचार्य अत्र्यांनी १९५३ साली यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. आमच्या आजीबाईंनी तो लहानपणी पाहिला होता. तेव्हा सगळे थिएटर रडत होते म्हणतात. पण रडून घरी आलेल्यांपैकी कितीजणींनी आपल्या लेकरांना आपले दुखणे खरे सांगितले असेल, ते देव जाणे! मी तरी सांगितले नाही.

श्यामच्या आईला मी दोष देणार नाही. तिच्या घरात काय होते नि काय नव्हते, ते पुस्तकातच आहे. मला सबब कोणती होती? फोन उशाशीच होता.

आता भांडण कसे मिटले ते सांगते. ते मिटलेच नाही. आजीबाईंनी मात्र उठता उठता सूनबाईला जवळ बोलावले आणि म्हणाल्या, "माझ्या सुरतच्या पोऱ्याचा नंबर लावून दे बरं. गुडघ्याचं नाही, छातीचं दुखतं ते सांगते त्याले." तिने नंबर लावून दिला. आम्ही कपबशा आवरायच्या निमित्ताने आत गेलो. बाहेर आजीबाई मोठ्याने बोलत होत्या, कारण त्यांना कमी ऐकू येते, आणि आतल्या आम्हां सगळ्यांना ते ऐकू येत होते.

मी घरी येऊन मुलीला फोन केला. पुढच्या महिन्यात मला पुन्हा तपासणीला बोलावले आहे, हे तिला सांगितले. ती रजा काढून येणार आहे.