वेशीबाहेरचा वधस्तंभ

(मन्नाएखेळ्ळी येथे ईस्टरनंतरच्या आठवड्यात लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ईस्टर आणि वधस्तंभ या विषयावर मी बोलावे, असे निमंत्रण आले तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. तीस-बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण घरात एका शब्दावरून जो प्रश्न उभा राहिला, तो मराठीच्या शिक्षिकेचाच प्रश्न आहे असे नंतर वाटले, म्हणून आले.

माझी आई उदगीरकडची. तिचे लग्न झाले तेव्हा माहेर आणि सासर दोन्ही बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. आईने माहेराहून एक मराठी बायबल आणले होते. ते तिने जन्मभर वाचले. ती गेल्यावर त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिच्या अक्षरात एक ओळ सापडली. कबरीच्या दगडावर नावाखाली एवढेच कोरावे, अशी तिची इच्छा होती: ‘भरवसा वधस्तंभावर’.

आम्ही भावंडे दगड सांगायला गेलो. दगड घडवणारे चाचा म्हणाले, “सलीब तो निकालतुं, नीचे क्या लिखना बोलो.” भावाने कागद पुढे केला. माझी भाची हैदराबादेत नोकरी करते, ती सोबत होती. ती म्हणाली, “आत्या, कबरीवर ‘वध’ हा शब्द बरा दिसतो का? नुसता क्रॉस काढू या ना.” भाऊ गप्प झाला. मलाही लगेच उत्तर सुचले नाही. ते शोधण्यात जे हाती लागले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या या गावावरून सोलापूर-हैदराबाद हमरस्ता जातो आणि स्टँडवर उभे राहिले तर चार भाषा कानी पडतात. वधस्तंभालाही इथे तितकीच नावे आहेत. माझी अव्वा, म्हणजे वडिलांची आई, कन्नड बोलायची. ती ‘शिलुबे’ म्हणे. तेलुगू मंडळीत ‘सिलुव’ म्हणतात. चाचांचा शब्द ‘सलीब’. हे तिन्ही शब्द एका कुळातले आहेत. केरळातल्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेच्या सीरियाक भाषेतला ‘स्लीबा’ आणि अरबीतला ‘सलीब’ ही भावंडे. म्हणजे आमची निरक्षर अव्वा आणि दगड घडवणारे चाचा नकळत एकच शब्द बोलत होते.

पश्चिम किनाऱ्यावर दुसराच शब्द उतरला. पोर्तुगीज ‘क्रूझ’ चा ‘क्रूस’ झाला, गोव्यात ‘खुरीस’ झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्या किनाऱ्यावरचा ख्रिस्ती माणूस हा क्रूस नाक्यावर, विहिरीजवळ, घरासमोर उभा करतो. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर अनेक वाड्यांत असे क्रूस उभे राहिले. तो क्रूस राखणदार आहे. संध्याकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती लागते.

आईचा शब्द मात्र बायबलच्या मराठी भाषांतरातून आमच्या घरात आला. वध आणि स्तंभ. इतर शब्द बाहेरून आले आणि नाव होऊन राहिले. ‘शिलुबे’ म्हटल्यावर कन्नड माणसाला त्यातून दुसरा अर्थ ऐकू येत नाही. ‘वधस्तंभ’ म्हटल्यावर मराठी माणसाला ऐकू येतो, आणि तो कानाला टोचतो. भाचीला तो टोचला, यात तिची चूक नव्हती.

हा शब्द जरा उकलून पाहू. आपले स्तंभ आठवा: विजयस्तंभ, कीर्तिस्तंभ, दीपस्तंभ. स्तंभ हा मानाचा शब्द आहे. त्याहून खोल आठवण प्रल्हादाची. खांबावर लाथ बसते आणि खांब फोडून नरसिंह बाहेर येतो. मराठी मनाला खांबापाशी देव धावून येण्याची सवय आहे. शुक्रवारची कथा ऐकताना हे मन तशीच वाट पाहते. इथे खांब दुभंगत नाही. ज्याला खिळले तो देवाला हाक मारतो, आणि दुपार तशीच सरते.

आता ‘वध’. पुराणांत कंसाचा वध होतो, कीचकाचा वध होतो, रावणाचा वध होतो. अभिमन्यूसारखा अपवाद सोडला तर ज्याचा वध होतो तो बहुधा वधायोग्य मानलेला असतो. महात्मा गांधींच्या बाबतीत ‘वध’ म्हणावे की ‘हत्या’, यावर मराठीत वाद झाला तो याच छटेमुळे. वध हा मारणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. म्हणून ‘वधस्तंभ’ उच्चारताना आपण निकाल देणाऱ्यांची भाषा बोलत असतो: हा मनुष्य मरणालाच लायक होता. भाविक हीच भाषा घेऊन उलट साक्ष देतो, की ज्याला तुम्ही वधायोग्य ठरवले त्याच्यावर माझा भरवसा आहे. आईच्या त्या दोन शब्दांत हा सगळा तंटा होता.

इतिहासही याला दुजोरा देतो. रोमन राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना होती. रोमन नागरिकाच्या वाट्याला ती सहसा येत नसे. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सुमारे सहा हजार गुलामांना असे खिळले होते. जाणाऱ्या-येणाऱ्याने पाहावे आणि धडा घ्यावा, हा हेतू. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘स्टाउरोस’ हाही मुळात रोवलेल्या खांबाचाच शब्द. मराठी शब्द त्याच्या किती जवळ आहे पाहा. पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लोकांनी खिळलेल्या येशूचे चित्र क्वचितच काढले. ते मासा काढीत, नांगर काढीत. चौथ्या शतकात ही शिक्षा बंद झाली आणि त्यानंतर वधस्तंभ उघडपणे कलेत आला, मुकुटावर आला, आणि आता सोन्याच्या साखळीत आला आहे. ज्यांनी ती शिक्षा डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना ते लॉकेट गळ्यात घालवले नसते.

मित्रहो, आता माझ्या माणसांविषयी बोलते. बीदर परिसरातली ख्रिस्ती मंडळी बरीचशी मेथडिस्ट परंपरेतली, आणि त्यांतली पुष्कळ कुटुंबे चामड्याचे काम करणाऱ्या मादिग समाजातून आलेली. आमचेही त्यांतलेच. माझे आजोबा गावाच्या वेशीतून आत जाताना पायातल्या वहाणा हातात घेत. त्या वहाणा त्यांनीच शिवलेल्या असत. शाळेत वडील दाराबाहेर बसून अक्षरे शिकले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. वधस्तंभाचा अर्थ आमच्या घरात कुठून आला, ते कळावे म्हणून सांगते.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूच्या मरणाची जागा सांगितली आहे: नगराच्या दाराबाहेर. आपल्या भाषेत, वेशीबाहेर. अव्वाला वाचता येत नव्हते, पण पाळकांनी हे सांगितलेले तिने पक्के धरून ठेवले होते. देव कुठे मेला, तर आपण राहतो तिथे. पापक्षमा, तारण हे शब्द तिला माहीत होते, त्यांवर तिचा विश्वासही होता. पण तिला उभे केले ते या पत्त्याने.

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ आपण वर्गात शिकवतो. बाप्तिस्म्याआधीच सोवळ्याओवळ्याचा बांध आपल्या मनात कसा फुटला, ते लक्ष्मीबाईंनी विलक्षण सरळपणे सांगितले आहे. टिळक दांपत्य वेशीच्या आतून बाहेर आले; त्यासाठी त्यांना घरदार सोडावे लागले. आमच्या लोकांना बाहेर यावे लागले नाही, ते बाहेरच होते. वाटा दोन, पण भेट एकाच खांबापाशी.

इथल्या मातीला ही गोष्ट अगदी परकीही नाही. याच जिल्ह्यात बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात चर्मकार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचा विवाह झाला, म्हणून त्या दोघा पित्यांना हालहाल करून मारले, असे शरण परंपरा सांगते. दोन श्रद्धा मी एक करीत नाही. पण वेस ओलांडणाऱ्याला जाहीरपणे मारण्याचा अर्थ कल्याणच्या परिसरात वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

खरे सांगायचे तर वेस चर्चच्या आतही आली. वेगळी बाके, वेगळ्या दफनभूमी भारतातल्या अनेक ठिकाणच्या ख्रिस्ती समाजांनी पाहिल्या आहेत. बाहेर कायद्यानेही एक रेघ ओढली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती ठेवली. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेला दलित आला नाही. वधस्तंभाने आमचे सगळे प्रश्न सोडवले, असे मी म्हणणार नाही. कोणाचा निकाल अखेरचा मानायचा नाही, हे मात्र त्याने शिकवले.

आणि इथेच ईस्टर येतो. पुष्कळांना वाटते, शुक्रवार दुःखाचा, रविवार आनंदाचा. रविवार उजाडला की शुक्रवार पुसला गेला. शुभवर्तमानात तसे नाही. पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटतो तेव्हा हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत. संशय घेणाऱ्या थोमाला तो तेच दाखवतो. देह उठला, पण व्रण राहिले. विजयाने जखम झाकली नाही, तीच ओळखीची खूण झाली. म्हणून ईस्टरच्या दिवशी वधस्तंभ बाजूला ठेवता येत नाही. तो नुसता शोभेचा झाला तर ईस्टर म्हणजे वसंतातला एक गोड सण उरतो. आणि पुनरुत्थान काढून घेतले तर स्पार्टाकसच्या रस्त्यावरचा आणखी एक खांब उरतो.

भाचीला मी हे सगळे एका दमात सांगितले नाही. एवढेच म्हटले, “तुझ्या पणजोबांना ज्या वेशीत वहाणा काढाव्या लागत, त्या वेशीबाहेर हा खांब उभा आहे. आजीला तो तसाच हवा होता. गुळगुळीत केलेला नको होता.” ती काही बोलली नाही. चाचांना कागद तिनेच वाचून दाखवला, कारण त्यांना मराठी अक्षर लागत नव्हते. ‘वधस्तंभ’ म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, “सलीबच, चाचा. पर मारने की जगह बोलके लिखेला है.”

यंदा ईस्टरच्या पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे दफनभूमीत उपासनेला गेलो. ती अर्थातच गावाबाहेर आहे. कन्नडमध्ये प्रार्थना झाली, तेलुगूत गीत झाले, आणि दिवस उगवल्यावर आईच्या दगडावरची मराठी ओळ वाचता आली. ती वाचू शकणारी आमच्या मंडळीत आता सात-आठ माणसे असतील. पुढच्या पिढीत किती असतील, ही चिंता मला आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ‘स्मृतिचित्रे’तला धडा शिकवाल तेव्हा वर्गातल्या मुलांना विचारा, तुमच्या घरी याला काय म्हणतात. शिलुबे, सिलुव, सलीब, क्रूस, जे येईल ते फळ्यावर लिहा. मग ‘वधस्तंभ’ लिहा आणि त्याची फोड मुलांनाच करू द्या. कोणाची श्रद्धा बदलण्यासाठी नव्हे. आपल्या भाषेने एक अवघड गोष्ट झाकून न ठेवता कशी सांगितली, ते त्यांना दिसावे म्हणून.